डायाब्लो २ मधील प्रतिकार आणि अभेद्यता

प्रतिकार आणि अभेद्यता ही 'डायाब्लो २' या क्रिया-भूमिका प्रकारच्या (ॲक्शन आरपीजी) संगणकीय खेळातील शत्रूंची संरक्षण-व्यवस्था होय. खेळाडूच्या पात्राकडे आग, शीत, वीज, विष इत्यादी विशेष शक्ती असतात. प्रत्येक शत्रूला त्यांपैकी प्रत्येक शक्तीविरुद्ध काही टक्के प्रतिकार दिलेला असतो. हा प्रतिकार शंभर किंवा त्याहून अधिक टक्के झाला की तो शत्रू त्या शक्तीला 'अभेद्य' मानला जातो आणि त्या शक्तीने त्याला कितीही मारले तरी त्याचे जीवनमान एका अंकानेही घटत नाही. ही व्यवस्था ज्या प्रकारे बदलत गेली, त्यामुळे ती या खेळप्रकारातील एका मूलभूत प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण ठरली आहे. तो प्रश्न असा : शत्रूच्या संरक्षणाने खेळाडूच्या शक्तीची धार केवळ कमी करावी, की ती शक्ती पूर्णपणे निरुपयोगी ठरवावी?

पार्श्वभूमी

'डायाब्लो २' हा खेळ ब्लिझार्ड नॉर्थ या संस्थेने तयार केला आणि तो जून २००० मध्ये प्रकाशित झाला. 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' हा त्याचा विस्तार पुढील वर्षी जूनमध्ये आला. मूळ खेळात ॲमेझॉन, नेक्रोमॅन्सर, बार्बेरियन, सॉर्सरेस आणि पॅलाडिन हे पाच वर्ग होते. विस्तारात ड्रूइड आणि असॅसिन या दोन वर्गांची भर पडली. संपूर्ण कथानक नॉर्मल, नाइटमेअर आणि हेल अशा तीन काठिण्यपातळ्यांवर क्रमाने खेळता येते.

शत्रूंची अभेद्यता ही कल्पना १९९६च्या अखेरीस आलेल्या पहिल्या 'डायाब्लो'मध्येही होती. मात्र त्या खेळात मंत्र हे पुस्तकांतून शिकावयाचे असत आणि ती पुस्तके कोणत्याही पात्राला वाचता येत. आगीला न जुमानणारा शत्रू समोर आला तर जादूगार विजेचा मंत्र काढू शके. दुसऱ्या भागात पुस्तकांची जागा कौशल्यवृक्षाने घेतली. पात्राची पातळी वाढली की एक कौशल्यगुण मिळतो आणि तो एखाद्या कौशल्यावर कायमचा खर्च करावा लागतो. त्यामुळे कोणती शक्ती निवडावी हा निर्णय लढाईच्या क्षणी घेण्याचा न राहता पात्राच्या संपूर्ण आयुष्याचा झाला. अभेद्यतेची कल्पना जुनीच राहिली, पण तिची किंमत बदलली.

हानीचे प्रकार

खेळात हानीचे सहा प्रकार आहेत : शारीरिक, आग, शीत, वीज, विष आणि जादू. यांतील 'जादू' हा स्वतंत्र प्रकार आहे. आगीचा गोळा जादूने निर्माण होत असला तरी त्याची हानी आगीचीच मोजली जाते. नॉर्मल पातळीवर बहुतेक शत्रूंचे प्रतिकार कमी असतात. हेल पातळीवर ते सर्वत्र वाढतात आणि अनेक जातींचे शत्रू एखाद्या प्रकाराला, तर काही दोन प्रकारांना अभेद्य असतात. शत्रूवर निर्देशक नेला की त्याच्या नावाखाली तशी सूचना दिसते.

खेळाडूच्या पात्रालाही प्रतिकार असतो, पण त्याची कमाल मर्यादा सामान्यतः ७५ टक्के आहे आणि विशिष्ट वस्तूंच्या साहाय्याने ती ९५ टक्क्यांपर्यंत नेता येते. विस्तारित खेळात नाइटमेअर पातळीवर खेळाडूच्या प्रतिकारातून ४०, तर हेल पातळीवर १०० गुण वजा होतात. म्हणजे खेळाडू अग्नी, शीत आणि वीज या तत्त्वांना पूर्णपणे अभेद्य होऊ शकत नाही. शत्रू मात्र होऊ शकतो. ही असमानता हेतुपुरस्सर आहे.

सर्वसामान्य शत्रूंखेरीज खेळात नावे असलेले 'विशेष' म्होरके यादृच्छिकपणे निर्माण होतात आणि त्यांना अतिरिक्त गुणधर्म लाभतात. 'मॅजिक रेझिस्टंट' हा गुणधर्म आग, शीत आणि वीज यांविरुद्धच्या प्रतिकारात प्रत्येकी ४० गुणांची भर घालतो. 'लाइटनिंग एन्चँटेड' गुणधर्म विजेच्या प्रतिकारात ७५, तर 'स्टोन स्किन' गुणधर्म शारीरिक प्रतिकारात ५० गुण मिळवतो. त्यामुळे जी जात मुळात अभेद्य नाही तिचाही म्होरक्या अभेद्य निघू शकतो, आणि हे आधी ओळखता येत नाही.

टक्क्यांचे गणित

प्रतिकाराचे टक्के वरवर सोपे वाटतात, पण त्यांचा परिणाम सर्वत्र सारखा नसतो. १,००० हानी करणारा प्रहार ५० टक्के प्रतिकार असलेल्या शत्रूला ५०० हानी करतो, ७५ टक्क्यांवर २५० आणि ९० टक्क्यांवर फक्त १००. आता शत्रूचा प्रतिकार दहा गुणांनी कमी केला असे समजू. तो ९० वरून ८० वर आला, तर हानी १०० वरून २०० होते, म्हणजे दुप्पट. तो शून्यावरून उणे १० वर गेला, तर हानी १,००० वरून १,१०० होते, म्हणजे केवळ एकदशांश वाढ. प्रतिकार शंभराच्या जितका जवळ, तितका त्यातील प्रत्येक गुण मौल्यवान. शत्रूचा प्रतिकार उणे १०० च्या खाली जात नाही. म्हणून या मार्गाने हानी फार तर मूळच्या दुप्पट होते.

याच कारणाने हानी वाढवणारी कौशल्ये आणि प्रतिकार घटवणारी कौशल्ये यांची तुलना सरळ करता येत नाही. सॉर्सरेसच्या तीन 'मास्टरी' कौशल्यांत हा भेद स्पष्ट दिसतो. फायर मास्टरी आणि लाइटनिंग मास्टरी संबंधित हानीत टक्केवारीने वाढ करतात. कोल्ड मास्टरी मात्र शत्रूचा शीत-प्रतिकार भेदते. पहिल्या पातळीवर ती २० गुण घटवते आणि पुढे प्रत्येक पातळीला ५, म्हणजे सतराव्या पातळीवर १०० गुण. ९० टक्के शीत-प्रतिकार असलेल्या शत्रूवर हानी नुसती दुप्पट केली तर १०० ची २०० होईल. सतराव्या पातळीच्या कोल्ड मास्टरीने तीच हानी १,१०० होते. अकरापट वाढ देणारे हे कौशल्य अभेद्य शत्रूपुढे मात्र काहीच करत नाही, कारण कोल्ड मास्टरी अभेद्यता मोडू शकत नाही. ९० टक्क्यांचा शत्रू आणि १०० टक्क्यांचा शत्रू यांत दहा गुणांचे अंतर आहे, पण शीतशक्तीच्या सॉर्सरेसच्या दृष्टीने एक जण सर्वांत सोपे सावज असतो आणि दुसरा भिंत.

आवृत्ती १.१० आणि एका तत्त्वाची निवड

ऑक्टोबर २००३ मध्ये आलेल्या १.१० या आवृत्तीने खेळाचा तोल मोठ्या प्रमाणावर बदलला. तिच्यातील दोन बदल येथे महत्त्वाचे आहेत. पहिला बदल म्हणजे हेल पातळीवरील शत्रू अधिक बळकट झाले. दुसरा म्हणजे 'सिनर्जी', अर्थात कौशल्यांचे परस्परपोषण. एखाद्या कौशल्यावर खर्च केलेले गुण आता दुसऱ्या, संबंधित कौशल्याचीही हानी वाढवू लागले. प्रारंभीच्या पातळ्यांवरील कौशल्ये पुढे निरुपयोगी ठरत असत. त्यांना उपयोग मिळवून देणे हा या योजनेचा उघड फायदा होता.

तिचा दुसरा परिणाम गुणांच्या हिशेबातून दिसतो. पात्राची कमाल पातळी ९९ आहे. पातळी वाढल्याने ९८ आणि कामगिऱ्या पूर्ण केल्याने १२ असे एकूण ११० कौशल्यगुण मिळतात. एका कौशल्यावर २० गुणच घालता येतात. सॉर्सरेसच्या ब्लिझार्ड या कौशल्याला आइस बोल्ट, आइस ब्लास्ट आणि ग्लेशियल स्पाइक ही तीन कौशल्ये पोसतात. ती तिन्ही आणि स्वतः ब्लिझार्ड पूर्ण करावयाचे तर ८० गुण लागतात. नव्वदाव्या पातळीच्या पात्राकडे १०१ गुण असतात, आणि नव्वदावी पातळी गाठणेही अनेक तासांचे काम आहे. उरलेल्या गुणांतून कोल्ड मास्टरी आणि वाटेवरची अनिवार्य कौशल्ये घेतली की दुसऱ्या तत्त्वासाठी जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही.

अशा रीतीने एकाच आवृत्तीने खेळाडूला दोन विरुद्ध दिशांना ढकलले. गुणांची रचना सांगत होती की एकच तत्त्व निवडा आणि त्यात पारंगत व्हा. हेल पातळीवरील शत्रू सांगत होते की एका तत्त्वावर विसंबू नका. दोन तत्त्वांची पात्रे यातून टिकली, पण त्यांनाही वाट शोधावी लागली. उल्का आणि हिमगोल या दोन कौशल्यांवर आधारलेली 'मिटिऑर्ब' सॉर्सरेस लोकप्रिय होण्याचे एक कारण म्हणजे फ्रोझन ऑर्बला सिनर्जीचा आधार फारसा लागत नाही, त्यामुळे तिचे गुण आगीसाठी मोकळे राहतात. ज्या कौशल्यांना असा अवकाश नव्हता, त्यांच्या वाट्याला ही सोय आली नाही.

चुकीची निवड सुधारण्याचीही सोय नव्हती. खर्च केलेले गुण परत घेण्याची मुभा मार्च २०१० च्या १.१३ आवृत्तीत आली. तेव्हापासून पहिल्या अंकातील अकारा हे पात्र प्रत्येक काठिण्यपातळीवर एकदा गुणांची फेरमांडणी करून देऊ लागले. तोपर्यंत, म्हणजे जवळपास दहा वर्षे, हेल पातळीवर अडलेल्या खेळाडूपुढे नवे पात्र आरंभापासून वाढवणे हाच मार्ग होता.

अभेद्यता मोडणारी कौशल्ये

काही मोजकी कौशल्ये शत्रूची अभेद्यता प्रत्यक्ष मोडू शकतात. पॅलाडिनचे कॉन्विक्शन हे प्रभामंडल आग, शीत आणि वीज यांचा प्रतिकार घटवते. विष आणि जादू यांवर त्याचा परिणाम होत नाही. नेक्रोमॅन्सरचा लोअर रेझिस्ट हा शाप या तिघांबरोबर विषाचाही प्रतिकार कमी करतो. शारीरिक प्रतिकारासाठी नेक्रोमॅन्सरकडे ॲम्प्लिफाय डॅमेज (१०० गुण) आणि डिक्रेपिफाय (५० गुण) हे शाप आहेत.

अभेद्य शत्रूवर ही सर्व कौशल्ये एकपंचमांश बळानेच लागू होतात. कॉन्विक्शन पहिल्या पातळीवर ३० गुण घटवते आणि प्रत्येक पातळीला ५ ने वाढत पंचविसाव्या पातळीवर १५० ही कमाल गाठते. अभेद्य शत्रूपुढे त्या १५० चे ३० होतात. म्हणून ज्याचा प्रतिकार १२९ पर्यंत आहे त्याची अभेद्यता एकट्या कॉन्विक्शनने मोडते. १३० किंवा त्याहून अधिक असेल तर मोडत नाही. दोन कौशल्यांचा परिणाम एकत्र धरला जातो, त्यामुळे कॉन्विक्शनने न मोडलेला शत्रू लोअर रेझिस्टची जोड मिळताच मोडू शकतो.

एकपंचमांशाच्या या नियमामुळे गणितात एक विचित्र पायरी निर्माण होते. ८५ गुण घटवणारे कॉन्विक्शन घेऊ. ज्या शत्रूचा प्रतिकार ९९ आहे तो अभेद्य नाही. त्याचा प्रतिकार १४ वर येतो आणि १,००० च्या प्रहारातून त्याला ८६० हानी होते. ज्याचा प्रतिकार १०० आहे तो अभेद्य असल्याने त्याच्यावर फक्त १७ गुण लागू होतात, प्रतिकार ८३ राहतो आणि हानी १७० होते. शत्रूच्या प्रतिकारात एका गुणाचा फरक, आणि हानीत पाचपट. अभेद्यता मोडली म्हणजे शत्रू दुबळा झाला असे होत नाही. त्याला मारणे अशक्य होते ते आता केवळ कष्टाचे होते.

८५ हा आकडा वर सहज घेतलेला नाही. 'इन्फिनिटी' या रूनवर्डमधून मिळणारे कॉन्विक्शन बाराव्या पातळीचे असते आणि ते बरोबर ८५ गुण घटवते. रूनवर्ड म्हणजे ठरावीक क्रमाने रून बसवून घडवलेले शस्त्र किंवा कवच. इन्फिनिटीसाठी बेर, माल, बेर आणि इस्ट हे चार रून लागतात. बेर हा खेळातील अतिदुर्मिळ रूनांपैकी एक असून तो येथे दोनदा लागतो. हे शस्त्र स्वतः न वापरता दुसऱ्या अंकातील भाडोत्री सैनिकाच्या हाती देण्याची पद्धत रूढ झाली. प्रभामंडल त्याच्याभोवती राहते आणि त्याचा लाभ खेळाडूच्या शक्तीला मिळतो.

विजेवर भिस्त ठेवणाऱ्या सॉर्सरेससाठी आणि जॅव्हलिन वापरणाऱ्या ॲमेझॉनसाठी इन्फिनिटी जवळजवळ अनिवार्य मानले जाऊ लागले. तोल साधण्याच्या दृष्टीने हा उपाय अर्धवटच म्हणावा लागेल. ज्या खेळाडूला अडचण सर्वाधिक जाणवते, म्हणजे नुकताच हेल पातळीवर पोहोचलेला, त्याच्या हाती हे शस्त्र असण्याची शक्यता सर्वांत कमी. ज्याच्याकडे ते असते त्याने बहुधा तो टप्पा केव्हाच ओलांडलेला असतो. शिवाय ते सर्वत्र पुरेसे पडत नाही. विजेचा ७५ टक्के प्रतिकार असलेल्या शत्रूला 'मॅजिक रेझिस्टंट' गुणधर्म लाभला तर तो ११५ होतो आणि इन्फिनिटीने ९८ वर येतो. ५० टक्क्यांच्या शत्रूला 'लाइटनिंग एन्चँटेड' गुणधर्म लाभला तर १२५ होतात. इन्फिनिटी लावूनही १०८ उरतात आणि तो अभेद्यच राहतो.

वळसा घालून जाण्याचे मार्ग

बहुसंख्य खेळाडू अभेद्यता मोडण्याऐवजी ती टाळतात. भाडोत्री सैनिकाची शारीरिक हानी हा त्यांतील सर्वांत साधा मार्ग. लोअर रेझिस्टचे मर्यादित प्रयोग देणारी छडी इतर वर्गांनाही वापरता येते. नेक्रोमॅन्सरच्या कॉर्प्स एक्स्प्लोजनची हानी मृत शत्रूच्या जीवनमानावर ठरते आणि ती निम्मी आगीची, निम्मी शारीरिक असते. एका प्रकाराला अभेद्य असलेला शत्रूही दुसऱ्या निम्म्यातून सुटत नाही. शत्रू जितका बळकट तितका स्फोट मोठा, त्यामुळे हे कौशल्य कठीण पातळीवरही मागे पडत नाही. पॅलाडिनच्या ब्लेस्ड हॅमरची हानी 'जादू' या प्रकारची असते आणि तिला अभेद्य असणारे शत्रू मोजकेच आहेत. या एका कारणानेही 'हॅमरडिन' हे पात्र दीर्घकाळ सर्वाधिक पसंतीच्या पात्रांत राहिले.

याच्या उलट उदाहरण स्टॅटिक फील्डचे. हे कौशल्य शत्रूच्या चालू जीवनमानाचा चौथा हिस्सा एका फटक्यात कापते, म्हणून मोठ्या म्होरक्यांविरुद्ध ते अतिप्रभावी ठरले असते. विस्तारित खेळात त्याला तळ घालून दिला आहे : नाइटमेअरवर जीवनमान ३३ टक्क्यांच्या आणि हेलवर ५० टक्क्यांच्या खाली ते नेऊ शकत नाही. शक्ती शाबूत ठेवून तिची पोहोच तेवढी मर्यादित करणारा हा निर्बंध अभेद्यतेपेक्षा नेमका म्हणता येईल.

आणखी एक मार्ग म्हणजे स्थळांची निवड. दुसऱ्या अंकातील एन्शंट टनेल्स या भुयारात शीताला अभेद्य असे सर्वसामान्य शत्रू आढळत नाहीत, म्हणून शीतशक्तीच्या सॉर्सरेस तेथे पुन्हा पुन्हा जातात. परिणामी खेळाचे जग विशाल असले तरी प्रत्येक पात्राचे हेल पातळीवरील जग काही ठिकाणांपुरते आकुंचन पावते. काहींना यातच खेळाची खोली दिसते, कारण प्रत्येक पात्राचा नकाशा निराळा होतो. निवडलेली शक्ती वापरण्यासाठी नकाशा चुकवत राहावे लागणे ही इतरांची तक्रार असते.

२०२२ मधील बदल

'डायाब्लो २ : रिसरेक्टेड' ही नव्या चित्रणासह केलेली आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली. सप्टेंबर २०२२ च्या २.५ या सुधारणेत 'संडर चार्म' नावाचे सहा ताईत खेळात दाखल झाले, हानीच्या प्रत्येक प्रकारासाठी एक. ताईत जवळ बाळगला की त्या प्रकाराला अभेद्य असलेल्या शत्रूचा प्रतिकार, तो कितीही असो, ९५ टक्क्यांवर आणला जातो. १,००० च्या प्रहारातून अशा शत्रूला किमान ५० हानी होते. मोबदल्यात खेळाडूचा स्वतःचा त्या प्रकाराविरुद्धचा प्रतिकार बराच घटतो. हे ताईत त्याच सुधारणेत आलेल्या 'टेरर झोन' या अधिक कठीण केलेल्या प्रदेशांतील विशेष शत्रूंकडून मिळतात.

इन्फिनिटीच्या तुलनेत यातील फरक तत्त्वाचा आहे. इन्फिनिटी काही भिंती पाडते आणि काही तशाच सोडते. ताईत एकही पूर्ण भिंत शिल्लक ठेवत नाही, पण प्रत्येक ठिकाणी उंच उंबरठा ठेवतो. विष आणि जादू यांनाही तो असा मार्ग देतो, जो कॉन्विक्शनकडे नव्हता. हा बदल सर्वांना रुचला असे नाही. हेल पातळीची दहशत अभेद्यतेतच होती, असे मानणाऱ्या जुन्या खेळाडूंना तो सवलतीसारखा वाटला.

इतर खेळांतील उपाय

मे २०१२ मध्ये आलेल्या 'डायाब्लो ३'ने तत्त्वनिहाय अभेद्यता वगळली. आग किंवा शीत यांतील निवड शत्रूच्या संरक्षणावर अवलंबून राहिली नाही आणि आव्हान विशेष शत्रूंच्या गुणधर्मांकडे सोपवले गेले. तेथेही म्होरक्याच्या साथीदारांना संपूर्ण अवध्य करणारा एक गुणधर्म होता; तो त्याच वर्षीच्या १.०.४ आवृत्तीत काढून टाकण्यात आला.

बायोवेअरच्या 'मास इफेक्ट २' (२०१०) या खेळात हाच प्रश्न निराळ्या रूपात आढळतो. तेथे शत्रूच्या लाल जीवनपट्टीवर पिवळे चिलखत, निळी ढाल किंवा जांभळा अडथळा असे थर असतात. ओव्हरलोड ही शक्ती ढालीवर, तर वॉर्प ही चिलखत व अडथळा यांवर विशेष प्रभावी आहे. शत्रूला हवेत उचलणारी पुल ही शक्ती मात्र थर शिल्लक असेपर्यंत लागू होत नाही. इन्सॅनिटी या सर्वांत कठीण पातळीवर साध्या शत्रूंनाही असे थर मिळतात, त्यामुळे उचलफेकीवर आधारलेल्या शक्ती नेमक्या तेथे बोथट होतात. फरक एवढाच की थर ही कायमची अभेद्यता नसते. गोळ्या झाडून तो उतरवता येतो आणि बंदूक प्रत्येकाच्या हाती असते. 'मास इफेक्ट ३' (२०१२) मध्ये दोन बायोटिक शक्ती एकापाठोपाठ वापरून घडवलेला स्फोट थर शाबूत असलेल्या शत्रूवरही लागू करण्यात आला आणि या शक्तींना कठीण पातळीवर पुन्हा स्थान मिळाले.

न्यूझीलंडमधील ग्राइंडिंग गियर गेम्सने २०१३ मध्ये प्रकाशित केलेल्या 'पाथ ऑफ एक्झाइल'वर 'डायाब्लो २'चा प्रभाव उघड आहे. खेळाडूच्या प्रतिकाराची ७५ टक्क्यांची मर्यादा आणि कथानकाच्या ओघात होणारी प्रतिकाराची वजावट या दोन्ही गोष्टी त्यात आढळतात. शत्रूंच्या बाबतीत मात्र त्याने अंशतः प्रतिकाराचाच मार्ग धरला. प्रतिकार भेदणारे गुणधर्म आणि शाप तेथेही आहेत, पण मोठ्या म्होरक्यांवर शापांचा प्रभाव कमी होतो.